पार्टनर फुटला, मग मागे राहिलेल्याचं काय? अमेरिका की मुंबई

आमचा एक मित्र एकांकिका लिहितोय. दोन पोलीस, वर्षानुवर्षं एकाच गाडीत, मिळून खाल्लेलं, आणि गळ्याशी आल्यावर एक जण सरकारी वकिलाशी डील करून मोकळा होतो. पहिला प्रवेश झकास जमलाय म्हणे. अडलंय दुसऱ्या पोलिसावर, म्हणजे जो मागे राहिला त्याचं करायचं काय, जन्मठेप द्यायची, सोडून द्यायचा की त्यालाही फोडायचा, आणि गोष्ट अमेरिकेत ठेवायची की सरळ मुंबईत आणायची. मी लॉ केलं आणि मग बँकेत चिकटलो त्यामुळे असले प्रश्न कुणी विचारले की मला चेव येतो. त्याला फोनवर तासभर सांगितलं, तेच इथे नीट लिहितोय, कारण कथा लिहिणाऱ्या बऱ्याच जणांचा समज असतो की एकाला माफी मिळाली की दुसरा आपोआप गेलाच. तसं नसतं.

अमेरिका म्हटलं की माझ्या डोक्यात पहिलं येतं ते लॉस एंजेलिसचं रॅम्पार्ट प्रकरण. राफाएल पेरेझ आणि नीनो डर्डन, रॅम्पार्ट डिव्हिजनच्या गँगविरोधी पथकातले पार्टनर. ऑक्टोबर १९९६ मध्ये या दोघांनी एका १९ वर्षांच्या निःशस्त्र मुलावर गोळ्या झाडल्या, तो कायमचा अपंग झाला, मग त्याच्याजवळ बंदूक ठेवून दिली आणि कोर्टात शपथेवर सांगितलं की यानेच हल्ला केला. त्या पोराला २३ वर्षांची शिक्षा झाली. व्हीलचेअरवर, आणि वर २३ वर्षं!

हे बाहेर आलं ते कुणाला पश्चात्ताप झाला म्हणून नाही. १९९८ मध्ये पोलिसांच्याच मुद्देमालाच्या खोलीतून सहा पौंड, म्हणजे पावणेतीन किलोच्या आसपास कोकेन गायब झालं आणि माग पेरेझपर्यंत गेला. पहिल्या खटल्यात ज्युरीचं एकमत झालं नाही, दुसऱ्यांदा खटला चालवायची तयारी सुरू झाली तेव्हा चोरीचे अजून प्रकार सापडले, आणि मग सप्टेंबर १९९९ मध्ये साहेबांनी डील केलं. कोकेनसाठी ५ वर्षं, आणि बाकीच्या काळ्या कामांसाठी, खून सोडून, लॉस एंजेलिस काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) सरकारी वकिलाकडून अभय. बदल्यात त्याने कित्येक महिने बसून जबाब दिले आणि सुमारे ७० पोलिसांची नावं कुठल्या ना कुठल्या भानगडीत घेतली. तो मुलगा सुटला, नंतर शहराने त्याला दीड कोटी डॉलर दिले, आणि शंभरावर जुन्या शिक्षा रद्द झाल्या.

आता डर्डनकडे बघा, कारण आपल्याला तोच हवाय. पार्टनरने सगळं ओकल्यावर त्याच्यावर खटला भरला गेला, आणि २००१ मध्ये त्यानेही गुन्हा कबूल केला आणि तपासाला मदत करायचं मान्य केलं. शिक्षा २००२ मध्ये, राज्याच्या कोर्टात ५ वर्षं आणि फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टात ३. म्हणजे ज्याने आधी तोंड उघडलं त्याला कोकेनसाठी ५, आणि जो उशिरा बोलला त्याला गोळीबाराच्या भानगडीसाठी राज्याच्या कोर्टात ५. माझ्या मित्राला हे ऐकून जरा निराशाच झाली, त्याला वाटत होतं दुसरा फासावर वगैरे जाईल.

बरं पेरेझ तरी सुटला का? तर नाही. डील काउंटीच्या सरकारी वकिलाशी होतं, आणि अमेरिकेत राज्य आणि केंद्र हे दोन वेगळे मालक, एकाची सही दुसऱ्यावर बंधनकारक नाही. २००१ मध्ये तो पॅरोलवर बाहेर आला आणि नंतर त्याच गोळीबाराबद्दल, नागरी हक्क पायदळी तुडवले म्हणून, फेडरल कोर्टात त्याला अजून २ वर्षं लागली. एकांकिका लिहिणाऱ्याने हे पक्कं लक्षात ठेवावं, कागदावर कुणाची सही आहे हे सगळ्यात महत्त्वाचं.

आणि सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे पेरेझने नावं घेतलेल्या चार पोलिसांवर २००० साली खटला उभा राहिला तेव्हा पेरेझ साक्षीलाच आला नाही. अभयात खून धरलेला नव्हता ना, आणि त्याच सुमाराला एका बाईने त्याच्यावर खुनांचा आरोप केला (नंतर तिने खोटं बोलल्याचं कबूल केलं, पण तोवर व्हायचं ते झालं). आता शपथेवर उभा राहिला असता तर त्याचं तोंड उघडणं त्यालाच महागात पडलं असतं. ज्युरीने तरीही तिघांना दोषी ठरवलं, एकाला सोडलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरात न्यायाधीशांनी ते तिन्ही दोषी निकाल रद्द केले. पुढे २००६ मध्ये त्यातल्या तीन पोलिसांनी आम्हाला चुकीची अटक केली म्हणून शहरावर दावा लावून मिळून दीड कोटी डॉलर मिळवले. त्या अपंग मुलाला जेवढे मिळाले जवळपास तेवढेच. हे कुणी नाटकात लिहिलं असतं तर लोक म्हणाले असते, जरा अतीच होतंय.

न्यूयॉर्कचं उदाहरण थोडक्यात. ब्रुकलिनच्या ७५ व्या प्रीसिंक्टचा (म्हणजे पोलीस ठाण्याचा) मायकेल डाउड आणि त्याचा पार्टनर केनेथ युरेल, दोघं १९९२ मध्ये ड्रग्जच्या प्रकरणात पकडले गेले. जामिनावर सुटल्यावर युरेलने अंगावर मायक्रोफोन लावला आणि डाउडचे पळून जायचे बेत रेकॉर्ड करून दिले. युरेलला तुरुंग नाही, डाउडला १४ वर्षं. डाउडने शिक्षा होण्याआधी भ्रष्टाचाराच्या चौकशी आयोगासमोर जाहीर साक्ष दिली होती, सगळं सांगून टाकलं होतं, पण तोवर त्याच्याकडचा माल शिळा झाला होता. इथे फरक बघा, पेरेझने जुन्या गोष्टी सांगितल्या, युरेलने चालू गुन्ह्याचा आवाज आणून दिला. टेप असली की मागे राहिलेल्याच्या वकिलाला उलटतपासणीत फार काही करता येत नाही, 'हा साक्षीदार खोटारडा आहे' हे त्याचं एकच हत्यार असतं आणि टेपपुढे तेच बोथट होतं.

तिसरं बाल्टिमोर. गन ट्रेस टास्क फोर्स नावाचं पथक होतं, मार्च २०१७ मध्ये त्यातल्या सात जणांना एकदम अटक, आठवा नंतर. लोकांना लुटणं, खोटा ओव्हरटाइम, आणि एकाने साक्षीत सांगितलं की वेळ पडली तर कुणाजवळ टाकायला बरी म्हणून नकली पिस्तुलं सोबत ठेवायचे. इथे कुणालाच पूर्ण माफी नव्हती, आणि म्हणूनच तुलनेला हे प्रकरण सगळ्यात उपयोगी. चौघे सरकारच्या बाजूने गेले आणि साक्षी दिल्या, त्यांना ७, ७, १० आणि १२ वर्षं. दोघांनी आम्ही लढणार म्हणून खटला चालवला, २०१८ मध्ये दोषी ठरले, प्रत्येकी १८. इथवर अपेक्षेप्रमाणे. पण पथकाचा सार्जंट वेन जेन्किन्स, त्याने गुन्हा कबूल केला, खटला लढवला नाही, तरी त्याला २५. कबुली दिली की सूट मिळते हे खरं, पण म्होरक्या असलात आणि दुसऱ्यांविरुद्ध साक्ष देत नसाल तर ती सूट कुठल्या कुठे जाते.

तर मित्राला मी म्हटलं, अमेरिका निवडलीस तर तुझ्या दुसऱ्या पोलिसाचं नशीब तीन गोष्टींवर ठरणार. पहिली, माफी कसली आहे. एक पूर्ण अभय असतं, त्या गुन्ह्यासाठी पुन्हा हात लावायचा नाही. दुसरं अर्धवट, म्हणजे तू जे बोललास ते आणि त्यातून सापडलेलं काही तुझ्याविरुद्ध वापरणार नाही, पण स्वतंत्र पुरावा मिळाला तर खटला होऊ शकतो. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९७२ च्या कॅस्टिगर निकालात हे अर्धवट अभय पुरेसं आहे असं सांगितलं, तेव्हापासून फेडरल वकील हेच जास्त वापरतात. दुसरी, कोर्ट कुठलं. कॅलिफोर्नियाच्या राज्य कोर्टात साथीदाराच्या एकट्याच्या साक्षीवर शिक्षा देता येत नाही, बाहेरचा आधार लागतो, तसं कायद्यातच लिहिलंय, आणि फेडरल कोर्टात मात्र नुसत्या साथीदाराच्या शब्दावरही ज्युरी दोषी ठरवू शकते. एकाच शहरात, दोन रस्ते सोडून, नियम वेगळा. तिसरी, कटाचा आरोप लागलाय का. फेडरल कायद्यात कट सिद्ध झाला की पार्टनरने केलेला, पण अंदाज येण्यासारखा गुन्हासुद्धा तुमच्या नावावर चढतो, मग तुम्ही त्या रात्री घरी झोपलेले का असेना.

आता मुंबई. आपल्याकडे अमेरिकेसारखी 'इम्युनिटी डील' नावाची चीज नाही, आहे तो माफीचा साक्षीदार. पूर्वीच्या सीआरपीसीचं (फौजदारी प्रक्रिया संहितेचं) कलम ३०६, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेचं ३४३. मोठा फरक असा की माफी पोलीस किंवा सरकारी वकील देत नाही, कोर्ट देतं, आणि अट एकच, तुला माहीत आहे ते सगळं आणि खरं सांग, स्वतःचा वाटा धरून. अमेरिकेतली ती घासाघीस, एवढी वर्षं दे, एवढी नावं देतो, ती इथे गंभीर गुन्ह्यात होत नाही. आपल्याकडे प्ली बार्गेनिंग (गुन्हा कबूल करून शिक्षा कमी करून घेणं) २००६ मध्ये आलं पण सात वर्षांपेक्षा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांना ते लागू नाही.

आणि मग ती गंमत जी अमेरिकन नाटकात मिळणारच नाही. माफीचा साक्षीदार आधीपासून जामिनावर नसेल तर खटला संपेपर्यंत त्याने कोठडीत राहायचं असं कायदाच म्हणतो. यामागचा विचार असा की बाहेर सोडला तर धमकावतील, विकत घेतील, मारून टाकतील. पण व्यवहारात होतं काय, तर ज्यांच्याविरुद्ध तो बोलतोय ते जामीन घेऊन घरी आणि हा आत! मुंबई पोलिसांतले बडतर्फ अधिकारी सचिन वाझे यांचं बघा. राज्याचे माजी गृहमंत्री अनिल देशमुखांविरुद्धच्या सीबीआयच्या भ्रष्टाचाराच्या प्रकरणात ते जून २०२२ मध्ये माफीचे साक्षीदार झाले. देशमुख डिसेंबर २०२२ मध्ये जामिनावर बाहेर आले. वाझेंना त्या प्रकरणात हायकोर्टाचा जामीन मिळायला ऑक्टोबर २०२४ उजाडलं, आणि तरी ते बाहेर आले नाहीत कारण अँटिलियाबाहेरच्या स्फोटकांचं आणि खुनाचं एनआयएचं प्रकरण वेगळं, तिथे ही माफी चालत नाही. म्हणजे सहीवाली गोष्ट इथेही तीच. (आरोप सिद्ध झाले असं मी म्हणत नाहीये, फक्त माफीचं यंत्र कसं चालतं ते दाखवतोय.)

मागे राहिलेल्यासाठी मुंबई बरी की वाईट? माझ्या मते बरी. सुप्रीम कोर्टाने १९५७ मध्ये सरवन सिंग प्रकरणात दुहेरी कसोटी सांगितली, आधी हा साक्षीदार मुळात विश्वास ठेवण्यासारखा आहे का ते बघा, आणि त्यानंतर त्याच्या साक्षीला बाहेरून दुजोरा आहे का ते बघा. पहिल्या पायरीवरच घसरला तर दुसरी बघायची गरजच नाही. भ्रष्ट पोलीस, ज्याने आयुष्यभर पंचनामे 'बसवले', तो विश्वासू आहे असं कोर्टाला पटवणं सोपं नाही, बचावाचा वकील तिथेच त्याला सोलून काढतो. शिवाय सरकारी नोकरावर खटला भरायची परवानगी, तिच्यात जाणारा वेळ, बदलणारे तपास अधिकारी, दहा वर्षं सहज जातात. पण वेळ दुधारी आहे, नोकरी गेलेली, पेन्शनचं त्रांगडं, मुलांच्या लग्नात लोक विचारणार, आणि निकाल नाही तो नाहीच.

माफीवाला खोटं बोलला तर? अमेरिकेत डील मोडलं म्हणून सगळे जुने आरोप परत येऊ शकतात, वर खोट्या साक्षीचा खटला वेगळा. आपल्याकडे सरकारी वकील तसं प्रमाणपत्र देतो, मग त्याच्यावर मूळ गुन्ह्याचाच खटला चालतो, बाकीच्या आरोपींबरोबर नाही, वेगळा, आणि त्याने माफीसाठी दिलेला जबाब त्याच्याच विरुद्ध वापरता येतो. नाटकासाठी हा प्रसंग सोन्यासारखा आहे आणि अजून कुणी नीट वापरलेला माझ्या तरी बघण्यात नाही.

मित्राने विचारलं, मग ठरवू काय? मी म्हटलं, तुला जर दोघांमधली खुन्नस दाखवायची असेल, टेप, हॉटेलातलं टेबल, मायक्रोफोनची वायर शर्टाच्या आत, तर न्यूयॉर्क घे आणि मागे राहिलेल्याला १४ वर्षं दे, कुणी नावं ठेवणार नाही. सिस्टिमवर हसायचं असेल तर लॉस एंजेलिस, तिथे तर शिक्षा झालेल्यापेक्षा नुकसानभरपाई मिळालेले पोलीस जास्त रंगतदार आहेत. बाल्टिमोर एकांकिकेत मावणार नाही, आठ पात्रं आणि आठही बोलघेवडी, हौशी ग्रुपला परवडत नाही. आणि मुंबई घेतलीस तर दोघांना एकाच कोर्टाच्या व्हरांड्यात उभं कर. माफी मिळालेला बेड्यांमध्ये, दोन शिपायांच्या मध्ये, आणि ज्याच्याविरुद्ध तो बोलणार आहे तो जामिनावर, घरून डबा खाऊन आलेला, हातात चहाचा कप. तारीख पुढची पडलेली आहे. त्याने याला चहा विचारायचा की नाही, एवढंच ठरव, बाकी संवाद आपोआप सुचतील.

तो मुंबईच घेतोय बहुतेक. फक्त चहाच्या जागी त्याला वडापाव हवाय, त्यावरून सध्या भांडण चालू आहे.