वूडबरी की जर्सी गार्डन्स: आईबाबांना घेऊन कुठल्या आउटलेटला जायचं?

आईबाबा भारतातून इकडे अमेरिकेत येऊन राहिले की परत जायच्या आधीचा एक शनिवार आउटलेटला, म्हणजे ब्रँडचा माल सवलतीत विकणाऱ्या दुकानांच्या मॉलला, जातोच. न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास राहणाऱ्या आपल्या लोकांकडे दर वर्षी हाच प्रश्न, वूडबरी कॉमनला जायचं की जर्सी गार्डन्सला? मी दोन्हीकडे बऱ्याच वेळा गेलेय, कधी सासूसासऱ्यांना घेऊन, कधी आईबाबांना, एकदा तर नागपूरहून आलेल्या दोन मावश्यांना एकदम घेऊन, त्यामुळे आता कोणी विचारलं की मीच आधी विचारते, यादीत काय काय आहे आणि बरोबर कोण कोण आहे? ७० टक्के सूट वगैरे बोर्ड दोन्हीकडे बारा महिने लागलेले असतात, त्यावरून काही ठरवू नका.

जर्सी गार्डन्स आपल्याला अगदी जवळ. टर्नपाइक (टोलचा महामार्ग) घ्यायचा, एक्झिट १३-ए ला उतरायचं, ट्रॅफिक नसेल तर एडिसनहून अर्धा तास. नेवार्क एअरपोर्ट रस्त्याच्या पलीकडेच आहे, त्यामुळे पार्किंगमध्ये गाडीतून उतरलं की डोक्यावरून विमान जातं आणि बाबा लोक तिथेच मान वर करून उभे राहतात. जुन्या कचरा डेपोच्या जागेवर भराव टाकून हा मॉल बांधला, १९९९ ला सुरू झाला, २०१५ ला सायमन या मॉल चालवणाऱ्या कंपनीने घेतला आणि नाव द मिल्स अ‍ॅट जर्सी गार्डन्स झालं, पण आपण सगळे जर्सी गार्डन्सच म्हणतो. २०० च्या वर दुकानं, दोन मजले आणि सगळं बंदिस्त, बाहेर बर्फ पडो नाहीतर जुलैचं ऊन असो, आत काही फरक पडत नाही.

वूडबरी म्हणजे न्यूयॉर्क राज्यात सेंट्रल व्हॅलीला, थ्रूवे या तिथल्या महामार्गाच्या एक्झिट १६ ला. एडिसनहून सव्वा ते दीड तास आणि वर टोल. १९८५ पासून आहे, तेही सायमनचंच, दुकानं इथेही २०० च्या पुढे पण सगळं उघड्यावर, छोट्या घरांचं गाव वसवल्यासारखं, मागे डोंगर. ऑक्टोबरमध्ये गेलात तर ते डोंगर लाल-केशरी झालेले असतात आणि खरं सांगते, माझ्या आईने तिथे जितका वेळ झाडं बघितली तितका वेळ कपडे नाही बघितले. पण हेच जानेवारीत गेलात तर एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जाताना जो वारा लागतो ना, तो गुडघेदुखीवाल्या माणसाला दिवसभर पुरतो. आम्ही एकदा डिसेंबरअखेर गेलो होतो, सासूबाई तिसऱ्या दुकानानंतर म्हणाल्या मी गाडीत बसते, आणि गाडी लावलेली पार दुसऱ्या टोकाला. शेवटी मी त्यांच्याबरोबर गाडीत हीटर लावून बसले, नवरा एकटा यादी घेऊन फिरला आणि फोनवर फोटो पाठवत राहिला, हा रंग चालेल का, तो चालेल का. तेव्हापासून नोव्हेंबर ते मार्च वयस्कर माणसांना घेऊन वूडबरी नाही म्हणजे नाही.

आता पैशाचं बघू, कारण खरा फरक इथे आहे आणि लोक नेमकं हेच बघत नाहीत. न्यू जर्सीत कपडे आणि चपला-बुटांवर सेल्स टॅक्स शून्य आहे, वस्तू २० डॉलरची असो की ३०० ची. न्यूयॉर्क राज्यात ११० डॉलरच्या आतल्या कपड्या-बुटांना राज्याचा ४ टक्के टॅक्स माफ आहे, पण वूडबरी ज्या काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) आहे तिथला स्थानिक टॅक्स लागतोच, आणि वस्तू ११० किंवा त्याच्या वर गेली की सगळा मिळून ८ टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे २५० डॉलरचं जॅकेट घेतलं तर वूडबरीला साधारण २० डॉलर टॅक्स, जर्सी गार्डन्सला काहीच नाही. पर्स, पाकीट, गॉगल, घड्याळ, सूटकेस या गोष्टी कपड्यात धरत नाहीत, त्यांना न्यू जर्सीतही टॅक्स लागतो, नेहमीचा ६.६२५ टक्के. पण जर्सी गार्डन्स ज्या एलिझाबेथ गावात आहे ते अर्बन एंटरप्राइज झोनमध्ये, म्हणजे टॅक्सची सवलत दिलेल्या भागात, येतं, त्यामुळे ज्या दुकानांनी तशी नोंदणी केलीय तिथे हा टॅक्स निम्माच लागतो, ३.३१२५ टक्के. बिलावर बघा, दिसतो. भारतात न्यायला मोठी सूटकेस घ्यायचीच असते, ती इथेच घ्या आणि बाकीची खरेदी सरळ तिच्यातच भरत जा, मॉलमध्ये रिकामी सूटकेस ओढत फिरणारी माणसं पावलोपावली दिसतील, लाजायचं काही कारण नाही. आणि हो, दुबईहून किंवा युरोपहून आलेले पाहुणे विचारतात एअरपोर्टवर टॅक्स परत मिळतो का, तर न्यूयॉर्क किंवा न्यू जर्सीत तशी सोय नाही.

मग वूडबरीला जायचंच कशाला? तर ब्रँडसाठी. गुची, प्राडा वगैरे जी नावं जर्सी गार्डन्सला दिसणार नाहीत ती तिथे रांगेने आहेत. लेकीच्या लग्नासाठी एकच चांगली बॅग घ्यायचीय किंवा नवऱ्याच्या पन्नाशीला एकच भारी कोट घ्यायचाय, असं असेल तर वूडबरीच. तिथे मागच्या सीझनचा खरा माल मिळायची शक्यता, माझ्या अनुभवात तरी, जास्त आहे.

हा "खरा माल" शब्द मी मुद्दाम वापरला, कारण यात माणसं फसतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. पूर्वी आउटलेट म्हणजे फॅक्टरीत उरलेला, किंचित खोट असलेला किंवा सीझन संपलेला माल. आता बरेच ब्रँड आउटलेटसाठी वेगळाच माल बनवून घेतात, नाव तेच पण कापड पातळ, अस्तर साधं, शिलाई एकेरी. टॅगवर मोठी किंमत छापलेली आणि खाली निम्मी, पण त्या मोठ्या किमतीला ती वस्तू कधी कुठे विकलेलीच नसते. २०१४ मध्ये अमेरिकेच्या काही खासदारांनी याबद्दल फेडरल ट्रेड कमिशनला, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या इथल्या सरकारी संस्थेला, पत्रच लिहिलं होतं. हे दोन्हीकडे आहे, वूडबरी काही वेगळं नाही. मी काय करते, शर्ट उलटा करून बाजूची शिवण बघते, बटणाच्या मागे दोरा सुटलाय का बघते, कापड मुठीत दाबून सोडते, आणि मनाला विचारते की टॅगवर फक्त खालचीच किंमत असती तर घेतलं असतं का? आईला हे बरोबर जमतं, ती साडीच्या दुकानात पदर दोन बोटांत धरून बघते तसंच तिने एका पर्सचं अस्तर धरून बघितलं आणि ठेवून दिली, म्हणाली हे वर्षभर नाही टिकायचं.

परत करायचंही आधी विचारून घ्या. एका दुकानातून (नाव नाही घेत) भाच्यासाठी बूट घेतले, घरी येऊन बघते तर डावा साडेआठ आणि उजवा नऊ. जवळच्या मॉलमध्ये त्याच ब्रँडचं दुकान आहे म्हणून तिथे नेले तर म्हणाले आउटलेटचा माल आम्ही घेत नाही. परत जाण्यातच एक संध्याकाळ गेली, आणि तेही बूट जर्सी गार्डन्सचे होते म्हणून, वूडबरीचे असते तर पाण्यात गेले असते. बरं, भारतातल्या मुलांचे बूट घेताना वयावरून अंदाज करू नका. आमच्याकडे जाऊबाईंनी कागदावर भाच्यांची पावलं ठेवून पेन्सिलने आकार काढले आणि तो कागद आईबरोबर पाठवला, प्रत्येक पावलावर नाव लिहिलेलं. तो कापून बुटात सरकवून बघायचा, दोन पैशाचं काम पण एकही बूट चुकला नाही.

खायचं म्हणाल तर दोन्हीकडे फूड कोर्ट आहे पण शाकाहारी माणसाच्या वाट्याला पिझ्झा, फ्राइज असंच काहीतरी येतं. तिखटमिठाच्या पुऱ्या, लोणचं आणि पाण्याच्या बाटल्या बरोबर ठेवा. वूडबरीला मी दुपारचं खाणं जवळच्या बेअर माउंटन या डोंगरातल्या पार्कला नेते, सकाळी दुकानं उघडताना पोचायचं, दीडपर्यंत खरेदी उरकायची आणि मग तळ्याकाठी बसून जेवायचं. असा बेत असेल तर सव्वा तासाचा प्रवास अंगावर येत नाही, आणि ज्यांना खरेदीत रस नाही त्या बाबांचाही दिवस चांगला जातो.

न्यूयॉर्कमध्ये शिकणारी, गाडी नसलेली मुलंही विचारतात. मॅनहॅटनच्या पोर्ट अथॉरिटी बस स्टँडहून एनजे ट्रान्झिटची (न्यू जर्सीची सरकारी बससेवा) १११ नंबरची बस सरळ जर्सी गार्डन्सला येते. वूडबरीलाही तिथूनच बस जाते पण अंतर जास्त, भाडंही जास्त, म्हणजे दोन टी-शर्ट आणि एक जीन्ससाठी परवडत नाही. थँक्सगिव्हिंगच्या वीकएंडला मात्र दोन्ही टाळा, वूडबरीच्या एक्झिटला गाड्यांची जी रांग लागते त्यात सकाळ तिथेच जाते.

तर यादीत बारा जणांचे कपडे, मुलांचे बूट, दोन सूटकेस आणि बरोबर सत्तरीतले आईबाबा, असं असेल तर जर्सी गार्डन्स, शक्यतो कामाच्या दिवशी सकाळी. एकच मोठी वस्तू घ्यायचीय, हवा चांगली आहे आणि दिवस मोकळा आहे, तर वूडबरी. सेंट्रल किंवा साउथ जर्सीत राहत असाल तर जॅक्सनचं प्रीमियम आउटलेट्सही बघा, सिक्स फ्लॅग्स या पाळण्यांच्या पार्कजवळ, उघड्यावरच आहे पण लहान, त्यामुळे चालणं बरंच कमी आणि टॅक्स न्यू जर्सीचाच. सायमनच्या साइटवर फुकट नाव नोंदवलं की काही दुकानांची कुपन्स मिळतात, ती आदल्या रात्रीच फोनवर घेऊन ठेवा. आणि खरेदी झाली की त्याच रात्री सूटकेस काट्यावर ठेवा, कारण बूट खोक्यासकट भरले तर २३ किलो कधी होतात कळत नाही. आम्ही खोकी इथेच टाकतो आणि बुटांच्या आत मोजे, चॉकलेटं भरतो.