फ्लॅट विकून पैसे वाटायचे, की एकानं दुसऱ्याचा वाटा घ्यायचा?

मी आणि बायको ११ वर्षं वेगळे राहिलो. ती पुण्यात, मी जुळे सोलापुरात, आणि फ्लॅट दोघांच्या नावावर. संमतीनं घटस्फोट घ्यायचं ठरलं तेव्हा भांडायला तेवढाच उरला होता.

घटस्फोट झाला की सगळं निम्मं-निम्मं, असा कायदा आपल्याकडे नाही. हिंदू विवाह कायद्याचं कलम २७ लग्नाच्या आगेमागे दोघांना मिळून भेट आलेल्या चीजवस्तूंचं आहे. नंतर घेतलेल्या घरात दस्तावर नावं कुणाची आणि पैसे कुणाचे, हेच बघतात. स्त्रीधन तिचं, ते वाटपात ओढू नये.

विकणं कागदावर सगळ्यात सरळ. भाव बाजार ठरवतो, बँकेचं कर्ज त्यातूनच फिटतं, उरलेलं वाटून मोकळं. आम्हीही आधी तेच ठरवलं होतं. पण घर दाखवायला मी एकटा. येणाऱ्याचा पहिला प्रश्न, "पाणी किती दिवसांनी?" तो सोलापुरात कुणीही विचारणार. दुसरा, "वहिनी कुठं असतात?" पुण्यात म्हटलं की नजर स्वयंपाकघरातून कपाटांवर फिरायची आणि जाताना सांगितलेला आकडा दोन-तीन लाखांनी खाली यायचा. नडलेले आहेत, हे माणसाला बरोबर कळतं. एकानं तर आईलाच विचारलं. त्या दिवशी मी बायकोला फोन केला, म्हटलं, मीच घेतो तुझा वाटा.

यात हिशेब आपल्यालाच करावा लागतो, आणि तो कडू असतो. मी म्हणालो, ११ वर्षं हप्ते मी भरले. ती म्हणाली, राहिलातही तुम्हीच, भाडं धरा मग. बरोबर होतं. शेवटी दोन्ही सोडून दिलं, घर घेताना तिचं सोनं मोडून भरलेली रक्कम आधी बाजूला काढली आणि उरलेल्याचे दोन भाग केले. तुमचं गणित वेगळं असेल.

खर्चाच्या बाबतीत मात्र विकणंच परवडतं. वडिलोपार्जित मिळकतीच्या हक्कसोडीला मुद्रांक नाममात्र असतो. स्वतः घेतलेल्या फ्लॅटचा वाटा पैसे देऊन सोडवून घेतला तर खरेदीखतासारखा लागतो, आणि तो घेणाऱ्याच्या खिशातून जातो. पुन्हा दोघं कर्जदार असाल तर नुसत्या हक्कसोडीनं तिचं नाव कर्जातून जात नाही. बँक तुमचा एकट्याचा पगार नव्यानं तपासते. तो पुरत नसेल तर विकण्याला पर्याय दिसत नाही.

वेळेचं म्हणाल, तर २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून आमच्यासारख्या जुन्या प्रकरणात कोर्टातल्या पहिल्या आणि दुसऱ्या जबाबामधली सहा महिन्यांची मुदत कोर्ट माफ करू शकतं. तेवढ्यात गिऱ्हाईक मिळून खरेदीखत होईलच असं नाही. वाटा घ्यायचा तर निदान दोघंच लागतात. आम्ही काही रक्कम पहिल्या जबाबाला, उरलेली दुसऱ्याला, असं तडजोडीत तारखेसकट लिहून घेतलं.

एवढंच बघा, तिचं नाव कर्जातून कमी केल्याचं बँकेचं पत्र दुसऱ्या जबाबाच्या तारखेआधी हातात असू द्या. माझं तीन आठवडे तिथंच अडलं आणि एका सहीसाठी तिला पुण्याहून दोनदा यावं लागलं.