लॅपटॉपवर पीएस२चे गेम: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेम स्लो झालाय हे डोळ्यांच्या आधी कानांना कळतं. ग्रान तुरिस्मो ४ मध्ये गाडी वळणावर घेतली की आधी इंजिनाचा आवाज फाटायचा, मग संगीत ओढल्यासारखं लांबायचं आणि शेवटी गाडी पाण्यातून चालल्यासारखी दिसायची. दिवाळीत पीसीएसएक्स२ हा एम्युलेटर, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन २चे (पीएस२चे) गेम कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्राम टाकला, तेव्हापासून जवळजवळ तीन महिने माझं हेच चाललं होतं. आज आठ महिने झाले आणि तोच गेम त्याच लॅपटॉपवर न अडखळता चालतोय.

आमच्याकडे दादाचा पीएस२ होता. नोकरीसाठी पुण्याला जाताना तो मशीन माझ्याकडे ठेवून गेला. कालांतराने लेन्सने डिस्क वाचणं सोडलं, पण डिस्क सगळ्या जपून ठेवल्या होत्या. बायोस (मशीन सुरू करणारा त्याच्या आतला मूळ प्रोग्राम) त्याच मशीनमधून काढून घेतला आणि लॅपटॉपला यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह लावून डिस्कच्या आयएसओ फाइल, म्हणजे जशाच्या तशा नकला केल्या. बायोस नेटवरून उतरवू नका. तो सोनीच्या मालकीचा आहे, आणि अशा फाइलबरोबर काय येईल याचा नेम नसतो.

लॅपटॉप साधाच आहे: इंटेल आय५-११३५जी७, तेव्हा ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. सन २००० मधल्या मशीनचा मुख्य प्रोसेसर जेमतेम २९५ मेगाहर्ट्झचा, मग माझ्या ४ गिगाहर्ट्झला तो का झेपत नव्हता? कारण त्या मशीनमध्ये एकटा प्रोसेसर काम करत नव्हता. इमोशन इंजिन (ईई, मुख्य प्रोसेसर), त्यातली दोन व्हेक्टर युनिटं (व्हीयू) आणि चित्र काढणारा ग्राफिक्स सिंथेसायझर (जीएस) असे सगळे एकाच वेळी आपापलं काम करायचे. एम्युलेटरला त्यांची प्रत्येक सूचना आपल्या प्रोसेसरच्या भाषेत आणून, सगळ्यांची वेळ जुळवत पुढे जावं लागतं. हे ओझं दोन-तीन कोअरवरच पडतं. त्यामुळे किती कोअर आहेत यापेक्षा एकेक कोअर किती वेगात पळतो, याला महत्त्व.

सुरुवातीला मी सेटिंगच बदलत बसलो. ईई सायकल रेट कमी केला तर वेग मूळ मशीनच्या १०० टक्के दिसायला लागला, पण गाडी मात्र झटके देत पळायची. ही फसवी सुधारणा आहे. आपण खोट्या पीएस२चा प्रोसेसरच मंद करतो, म्हणून लॅपटॉपला काम कमी पडतं आणि गेमच्या स्वतःच्या फ्रेम गळतात. सायकल स्किपचंही तसंच. या दोन्हींना हात लावायचा असेल तर अगदी शेवटी लावा.

खरा उलगडा स्क्रीनवरचे आकडे चालू केल्यावर झाला. वेगाची टक्केवारी आणि ईई, जीएस, व्हीयू, जीपीयू (लॅपटॉपची ग्राफिक्स चिप) यांचा वापर कोपऱ्यात दिसतो. ईई शंभरीला टेकला असेल तर प्रोसेसर कमी पडतोय, आणि जीपीयू टेकला असेल तर ग्राफिक्स. फ्रेमच्या आकड्यापेक्षा टक्केवारी बघा. एका गेमला ५० च फ्रेम येत होत्या म्हणून मी दादाला फोन केला. तो म्हणाला, "अरे, डिस्क पाल आहे का बघ आधी. पाल असेल तर पन्नासच येणार." पाल म्हणजे सेकंदाला ५० फ्रेमची टीव्ही पद्धत. डिस्क पालच होती आणि वेग १०० टक्के होता. मी दोन संध्याकाळी नसलेला आजार शोधत होतो.

ग्रान तुरिस्मोला मात्र जीपीयू ९९ वर आणि वेग ८२ वर. एका दुरुस्तीच्या दुकानात दाखवलं. त्यांनी लॅपटॉप न उघडताच सांगितलं, "ग्राफिक्स कार्डाशिवाय हे होणारच नाही, नवीन घ्या." मला ते पटलं नाही. घरी येऊन डिव्हाइस मॅनेजर उघडला. लॅपटॉपवरच्या स्टिकरवर आयरिस एक्सई (इंटेलचं जास्त ताकदीचं ग्राफिक्स) लिहिलेलं आणि इथे नाव इंटेल यूएचडी ग्राफिक्स! शोधल्यावर कळलं की या प्रोसेसरला रॅमची एकच स्टिक लावली तर ग्राफिक्स आयरिस एक्सई म्हणून धरलंच जात नाही. त्याला रॅमकडे जाणारे दोन मार्ग, म्हणजे दोन चॅनेल लागतात.

अशा ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच घेतं. डीडीआर४-३२०० ची एक स्टिक सेकंदाला २५.६ जीबी देते, दोन मिळून ५१.२. मूळ पीएस२च्या ग्राफिक्स चिपमध्ये मेमरी फक्त ४ एमबी होती, पण तिचा वेग सेकंदाला ४८ जीबी होता. हा आकडा वाचला आणि माझी खात्री पटली. मागचं झाकण उघडलं तर दुसरा स्लॉट रिकामा. ८ जीबीची दुसरी स्टिक तिरकी घालून खाली दाबली, दोन्ही क्लिपा टक् करून बसल्या. लॅपटॉप चालू केल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये नाव बदललेलं होतं. त्या रात्री गेम मूळच्या दुप्पट रिझोल्यूशनवर १०० टक्के चालला. काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डकवलेली असते, तेव्हा स्टिक विकत घेण्याआधी स्लॉट आहे का ते बघा.

एप्रिलमध्ये पुन्हा रडगाणं सुरू. मी जळगावचा, इथला उन्हाळा वेगळा सांगायला नको. पहिली दहा मिनिटं छान, मग वेग घसरत ७० वर. तापमान ९७ अंश आणि प्रोसेसरचा वेग निम्म्याहून खाली आलेला. पंखा उघडला तर जाळीवर धुळीचा नमदा बसलेला, थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता पुढे नेणारा लेप) वाळून खडूसारखी झालेली. दोन्ही साफ केलं, नवी पेस्ट लावली, लॅपटॉप मागून उचलून ठेवला. तापमान ८४ च्या आसपास थांबलं.

याच काळात एक बारीक गोष्ट लक्षात आली. प्रोसेसर कमी पडत असेल तर रिझोल्यूशन कमी करून उपयोग नाही, असं सगळे सांगतात. वेगळं कार्ड असेल तर ते खरं. पण एकाच चिपमध्ये दोघं असतील तर वीज आणि उष्णता दोघांत वाटली जाते. भर दुपारी मी तिप्पटवरून दुप्पटवर आलो की ग्राफिक्सची वाचलेली वीज प्रोसेसरला मिळते आणि ईईचा टक्का खाली येतो. मी हे अनेकदा करून पाहिलंय.

चार्जर लावलेला असावा आणि विंडोजचा पॉवर मोड बेस्ट परफॉर्मन्सवर असावा. बॅटरीवर सगळे हिशेब चुकतात.

सध्या व्हल्कन रेंडरर (चित्र काढायची पद्धत), दुप्पट रिझोल्यूशन, एमटीव्हीयू (व्हेक्टर युनिटचं काम वेगळ्या कोअरवर टाकणारं सेटिंग) चालू, ब्लेंडिंग (रंग मिसळण्याची अचूकता) बेसिकवर, सायकल रेट मूळ जागी. नव्या ट्रॅकवर पहिल्यांदा गेलं की शेडर (ग्राफिक्स चिपसाठीचे छोटे प्रोग्राम) तयार होताना एखादा झटका बसतो, दुसऱ्या फेरीत तो नसतो. शॅडो ऑफ द कोलोसस अजूनही जड जातो. टक्केवारी १०० असूनही काही ठिकाणी तो रेंगाळतो, पण तो मूळ मशीनवरही तसाच रेंगाळायचा. तिथे मी आता कुठल्याही सेटिंगला हात लावत नाही.