कोऱ्या क्लेम फॉर्मवर सही केली आणि घराच्या विम्याचा दावा फेटाळला गेला

२०२५ च्या एप्रिलमध्ये रात्री अडीचच्या सुमारास नाशिकला सिडकोतल्या आमच्या रो-हाऊसला आग लागली. फ्रिजच्या मागच्या बोर्डात शॉर्टसर्किट झालं. धुराने सासूबाईंना जाग आली, त्यांनी मला आणि मुलीला उठवलं आणि आम्ही तिघी अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडलो. मिस्टर चाकणला होते, ते शनिवार-रविवारीच येतात. १०१ ला फोन केला, बंब आला, पण तोवर स्वयंपाकघर आणि हॉल गेला होता. माणसं वाचली. ज्याने आम्हाला फसवलं तो तिसऱ्या दिवशी दारात आला.

चाळिशीचा, नीटनेटका, हातात फाइल. "ताई, मी क्लेमचं काम बघतो. तुमचे सर्वेअर माझ्या ओळखीचे आहेत," म्हणाला आणि विमा कंपनीने नुकसान मोजायला नेमलेल्या सर्वेअरचं नाव बरोबर सांगितलं. ते त्याला कुठून कळलं, हे मला आजही माहीत नाही. पण तेवढ्यावरच आमचा विश्वास बसला. आम्ही तेव्हा नणंदेकडे राहत होतो, मुलीची बारावीची पुस्तकं जळालेली, सासूबाई रात्री झोपत नव्हत्या. कोणीतरी धावपळ अंगावर घेतंय, एवढंच मला दिसलं.

तो म्हणाला, "तुम्ही फक्त इमारतीचा विमा घेतलाय. कंपनी भिंतींचे पैसे देईल, सामानाचे नाही. सामान दाव्यात बसवायचं तर मलाच बसवावं लागेल." त्याबद्दल १२ टक्के आणि १५ हजार आगाऊ. मी दिले.

हे धडधडीत खोटं होतं, आणि आमच्याच पॉलिसीत त्याचं उत्तर लिहिलेलं होतं. आमची पॉलिसी 'भारत गृह रक्षा', गृहकर्ज घेताना काढलेली. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ही प्रमाणित पॉलिसी द्यावी लागते. तीत इमारतीचा विमा घेतला की घरातल्या रोजच्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण असतं. सामानाची यादी आधी द्यावी लागत नाही. आमची इमारत ३० लाखांची, म्हणजे सामानाला ६ लाखांपर्यंत. घर राहण्याजोगं नसेल तेवढे दिवस दुसरीकडे राहण्याचं भाडं, राडारोडा उचलण्याचा खर्च, आर्किटेक्टची फी, यांचीही तरतूद ठरावीक मर्यादेत त्यातच आहे. ज्या बोर्डापासून आग सुरू झाली त्याचे पैसे मिळत नाहीत, पण तिथून पसरलेल्या आगीने जे जळलं त्याचे मिळतात. पीडीएफ माझ्या मेलमध्ये चार वर्षं पडून होती. जे माझं होतंच, ते मिळवून देण्यासाठी मी त्याला पैसे देत होते.

मग सह्या. क्लेम फॉर्म कोरा होता. "बाकीचं मी भरतो, तुम्ही फक्त इथे सही करा." एक अधिकारपत्र, दोन साधे कागद. घरातल्या वस्तूंची बिलं जळाली होती, तेव्हा तो म्हणाला, "बिलांचं मी बघतो. थोडं वाढवून लिहावंच लागतं ताई, कंपनी कापतेच." मी गप्प बसले. ही माझी चूक आहे आणि ती लपवून हे लिहिण्यात अर्थ नाही.

फॉर्मवर मोबाइल नंबर आणि ई-मेल त्याने स्वतःचा टाकला होता. कंपनीचा प्रत्येक मेसेज, सर्वेअरची प्रत्येक विचारणा त्याच्याकडे जात होती. मी विचारलं की "काम चालू आहे" एवढंच उत्तर यायचं.

सर्वेअर दुसऱ्यांदा आले तेव्हा त्यांच्या हातात बिलांची यादी होती. ते काही न बोलता मागच्या बाजूला गेले. काळ्या पडलेल्या भिंतीवर एसीच्या बाहेरच्या युनिटचा एकच लोखंडी अँगल वाकून लोंबत होता. "मॅडम, दुसरा एसी कुठे होता?" मला प्रश्नच कळेना. आमच्याकडे एकच एसी. त्यांनी यादी माझ्यासमोर धरली: दोन एसी, ५५ इंची टीव्ही, ९० हजारांचा सोफा सेट. आमच्या हॉलमध्ये सासऱ्यांनी करून घेतलेला सागवानी दिवाण होता. सोफा या घरात कधी आलाच नाही. त्या सोफ्याच्या बिलावर २०२२ ची तारीख होती. त्यावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला तर दुकानाची नोंदणीच २०२४ ची निघाली. मी तिथेच सांगितलं की ही बिलं माझी नाहीत. पण खाली सही माझी होती.

दावा पूर्ण फेटाळला गेला. फसवा दावा केला तर पॉलिसीचे सगळे लाभ जातात, अशी अट असते, तीच लावली. सामान सोडाच, ज्या भिंती आणि छत खरोखर जळलं होतं त्याचाही एक रुपया नाही. नकाराचं पत्रसुद्धा त्याच्याच मेलवर गेलं होतं. मला ते हेल्पलाइनवर फोन केल्यावर कळलं. त्या दिवसापासून त्याने माझा फोन उचललेला नाही.

त्यानंतर जे केलं ते सविस्तर लिहिते, कारण वेळेत कळलं असतं तर खूप काही वाचलं असतं. आधी कंपनीला लेखी कळवून संपर्काचा नंबर आणि मेल बदलून घेतला. सर्वेअरच्या अहवालाची प्रत मागितली. तीत इमारतीचं नुकसान ४ लाख ३५ हजार धरलं होतं. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज केला. सोबत त्या माणसाचे व्हॉट्सअॅप मेसेज, आमचे आगीआधीचे घरातले फोटो, खरंच घेतलेल्या वस्तूंचे बँक स्टेटमेंटमधले व्यवहार, अग्निशमन दलाचा दाखला, पंचनामा, पोलिसांकडे दिलेला फसवणुकीचा अर्ज. कंपनी नकारावर ठाम राहिली.

मग विमा लोकपाल, म्हणजे विमा कंपनीविरुद्धच्या तक्रारींवर निर्णय देणारा अधिकारी. नाशिक पुण्याच्या कार्यालयाखाली येतं, ते नारायण पेठेत आहे. फी नाही, वकील चालत नाही, आपणच बोलायचं. आधी कंपनीकडे तक्रार करावी लागते. तिने नकार दिला किंवा महिनाभर उत्तर दिलं नाही तर वर्षाच्या आत लोकपालाकडे जाता येतं. ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात. निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो, आपल्यावर नाही. तो पटला नाही तर ग्राहक आयोगाचं दार उघडं राहतं. सुनावणीत मला खोटी बिलं एकेक करून दाखवली आणि प्रत्येक वेळी विचारलं, ही सही तुमचीच ना? हो म्हणावं लागलं. इमारतीच्या भागात एकही खोटा कागद नव्हता, म्हणून ते ४ लाख ३५ हजार मंजूर झाले. कर्ज चालू असल्याने तेही आधी बँकेकडे गेले. सामानाचा दावा गेला तो गेलाच. दिवाण, शिलाई मशीन, भांडी, कपडे, मुलीचा लॅपटॉप, सगळं खरं होतं, खरंच जळलं होतं, आणि खोट्या सोफ्यापायी त्याचं काहीच मिळालं नाही.

दावा कळवला की सर्वेअर कंपनीच नेमते, चोवीस तासांत. त्याला तुम्ही काही द्यायचं नसतं आणि मध्ये कोणी लागत नाही. बिल जळालं असेल तर तसं स्पष्ट लिहून द्या आणि फोटो, बँकेची नोंद जोडा. कोणी अडवलं तर विमा नियामकाचा १५५२५५ हा टोल-फ्री नंबर आहे. मी तो तिसऱ्या दिवशी फिरवायला हवा होता.

पोलिसांत माझा जबाब झाला आहे. ओझरच्या एका कुटुंबानेही असाच अर्ज दिला आहे, असं मला तिथेच कळलं. त्यांच्याकडूनही कोऱ्या फॉर्मवर सह्या घेतल्या होत्या. नाशिकच्या आसपास आग किंवा पुरानंतर असा माणूस तुमच्याकडे येऊन गेला असेल, तर पैसे दिले असोत वा नसोत, आपल्या ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.