पांढऱ्या मांजराचं ऊन: क्रीम, टीशर्ट, शेडनेट की सरळ घरात?

घरात काळं नाहीतर वाघ्या मांजर असेल तर फार टेन्शन घेऊ नका, सावली आणि वाटीत पाणी असलं की झालं. पण पांढरं, गुलाबी नाकाचं मांजर असेल आणि ते रोज जांभ्याच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, ताणून देत असेल तर बघायलाच हवं, कारण कानाची टोकं, नाक, पापण्या इथे केस विरळ, तिथली कातडी भाजते आणि वर्षानुवर्षं तेच चाललं की कॅन्सरपण होतो, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा म्हणतात त्याला.

आधी सगळ्यांना क्रीमच सुचतं. आपलं माणसांचं सनस्क्रीन अजिबात नको, मांजर ते चाटणारच, आणि त्यात बऱ्याचदा झिंक ऑक्साइड किंवा सॅलिसिलेट असतं, दोन्ही पोटात जाणं वाईट, सॅलिसिलेट तर मांजराच्या लिव्हरला झेपतच नाही. खास मांजरांचं मिळतं, पण व्हेटला विचारूनच घ्या, शिवाय ते परत परत लावायचं आणि नाकावरचं तर लगेच जिभेने साफ. खोबरेल चोपडून ऊन अडत नाही, आणि कोरफड लावाल तर चाटून उलट्या-जुलाब.

टीशर्ट? कान-नाक उघडेच, वर मे महिन्यातला आपला दमटपणा. बिनकेसाच्या जातीचं मांजर असेल तर ठीक, नाहीतर पैसे वाया.

शेडनेट की झापं (नारळाच्या विणलेल्या झावळ्या), हा खरा प्रश्न. झापांचा मांडव गार असतो, पण फटीतून ऊन येतं आणि पावसाआधी काढावा लागतो. हिरवी शेडनेट घ्यायची तर ७५ किंवा ९० टक्केवाली घ्या, ५०वाली रोपांना बरी, अर्धं ऊन खालीच येतं. आणि मांडव खळ्याच्या (अंगणाच्या) मधोमध घालून उपयोग नाही हो, सकाळी मांजर ऊन बघूनच जागा धरतं, सावली सोडून परत गडग्यावर जाणार, म्हणून नेट गडग्यावरच ताणायची.

घरात ठेवणं सगळ्यात भारी, साधारण १० ते ४, ढगाळ असलं तरी. फक्त काचेच्या खिडकीत बसलं म्हणजे सुटलं असं नाही, उन्हातल्या अतिनील (यूव्ही) किरणांपैकी यूव्हीबी साध्या काचेत बरंच अडतं पण यूव्हीए आत येतं, तिथे यूव्ही फिल्म लावा नाहीतर पडदा ओढा. माजघर उत्तम. पत्र्याच्या खोलीत मात्र कोंडू नका, तोंड उघडं टाकून धापा टाकायला लागलं तर थेट डॉक्टर.

मला विचाराल तर दुपारी घर, सकाळी गडग्यावर नेट, आणि क्रीम फक्त व्हेटने सांगितलं तर. संध्याकाळी मासे साफ करताना ते विळीपाशी येऊन बसतंच, तेव्हा कान उजेडात धरून बघा, कडा लाल, कोंडा सुटल्यासारखी किंवा खपली धरून परत परत फुटणारी दिसली तर बोक्यांच्या मारामारीत लागलं असेल म्हणून सोडून देऊ नका, दाखवून या.