सडा सोलरला द्यायचाच, तर विकून की भाडेपट्ट्याने?

आमच्या राजापूरच्या सड्यावर, म्हणजे गावावरच्या उघड्या कातळाच्या पठारावर, दलालांच्या गाड्या हल्ली फार दिसतात. तुमच्या दारी अजून आल्या नसतील तर येतील, म्हणून हे लिहितोय. मी दोन्ही बाजूंचे मसुदे हातात घेऊन बसलो होतो.

विक्रीत मोकळीक आहे. सामाईक सातबाऱ्यावरच्या मुंबईकर हिस्सेदारांच्या सह्या एकदाच जमवायच्या, वाटणी करायची, विषय संपला. धाकट्या काकांना हेच हवं होतं, आणि मुलीचं लग्न तोंडावर असलेल्या माणसाला चूक कसं म्हणू? भाडेपट्ट्यात वाटावाटी दरसाल. आम्ही अकरा हिस्सेदार. गेल्या गणपतीत आरतीपेक्षा हिशेब लांबला.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार भाडं आणि दरवर्षी ३ टक्के वाढ आहे. नुसत्या कातळाला हे बरंच म्हणायचं. कर्नाटकात पावगड्याच्या सोलर पार्कसाठी जवळपास १३ हजार एकर अशीच भाड्याने घेतली, मालकी शेतकऱ्याकडेच. तिथे जमीनवाल्यांचं भागलं, पण दुसऱ्याच्या शेतावर राबणाऱ्या भूमिहीनांची मजुरी गेली. राजस्थानच्या वाळवंटातल्या भडल्याच्या २,२४५ मेगावॉटच्या सोलर पार्कची जागा बहुतेक सरकारी, म्हणजे गावाला भाड्याचा प्रश्नच नाही; मेंढ्या चारणाऱ्यांची कुरणं मात्र कुंपणाच्या आत गेली.

हे सगळं वाचून झालं होतं, तरी माझं ठरलं ते एका वाटेवरून. आमच्या सड्यातून वरच्या धनगरवाड्याची गुरं पाणवठ्यावर जातात, आजोबांच्याही आधीपासून. खरेदीवाल्यांचा माणूस चार वेळा आला. दरवेळी चहा घेऊन म्हणायचा, "वाट राहील हो, कोण अडवतंय?" मी म्हणायचो, मग खरेदीखतात लिहा. पुढचा मसुदा यायचा, त्यात सगळं असायचं, वाट सोडून. चौथ्यांदा मी चहाही विचारला नाही. भाडेपट्टावाल्यांनी दुसऱ्याच मसुद्यात बारा फुटांची वाट चतुःसीमेसकट घातली. ते सज्जन होते असं नाही. जमीन आमच्याच नावावर राहणार होती, म्हणून आम्हाला विचारणं त्यांना भाग होतं.

तुमच्या सड्यावरून कुणाची वाट नसेल तर कदाचित विकणंच सोयीचं पडेल. फक्त सही करण्याआधी एकदा आषाढात वर जाऊन बघा. उन्हाळ्यात ती वाट दिसत नाही.