एमएसआय बी४५० टॉमाहॉक मॅक्स: एकाच बोर्डावर दोन प्रोसेसर

२०१९च्या महापुरात सांगलीतल्या आमच्या ऑफिसात पाणी शिरलं आणि जुना पीसी त्यात गेला. मी इंटिरियरची कामं करते. दिवसा ड्रॉइंग, रात्री ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर, म्हणजे खोलीचं पक्कं चित्र तयार करणं. जानेवारी २०२०मध्ये नवा पीसी जुळवला, तेव्हा एमएसआय कंपनीचा हा मदरबोर्ड घेतला, म्हणजे प्रोसेसर, रॅम वगैरे सगळं ज्यावर बसतं तो बोर्ड. अकरा हजारांच्या आतबाहेर पडला. त्यावर एएमडीचा रायझन ५ ३६०० प्रोसेसर बसवला. तोच बोर्ड आजही माझ्या टेबलाखाली चालू आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी नावातल्या ‘मॅक्स’बद्दल, कारण सगळी गंमत तिथे आहे. साध्या टॉमाहॉकवर बायॉसची, म्हणजे पीसी सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामची चिप १६ एमबीची होती. एएम४ सॉकेटवर, म्हणजे एएमडीचा प्रोसेसर बसतो त्या खाचेवर, प्रोसेसरच्या इतक्या पिढ्या आल्या की त्या सगळ्यांची माहिती तेवढ्या जागेत मावेना. २०१९मध्ये आलेल्या मॅक्सवर चिप ३२ एमबीची केली. घेताना मला हा फरक फारसा वाटला नव्हता. मे २०२०मध्ये एएमडीने जागेच्या याच अडचणीवरून जाहीर केलं की पुढच्या पिढीचे प्रोसेसर बी४५० बोर्डांवर चालणार नाहीत. ते वाचून मी फार खट्टू झाले होते, बोर्ड घेऊन पाच महिनेही झाले नव्हते. लोकांनी जोरदार हरकत घेतली आणि त्याच महिन्यात कंपनीने निर्णय फिरवला. त्याच दोन वर्षांत इंटेलचं सॉकेट ११५१वरून १२०० आणि तिथून १७०० झालं. म्हणजे तिकडे प्रोसेसर बदलायचा तर बोर्डही नवा.

आता कामाचं. माझा पीसी सुरुवातीला मंद वाटायचा. झाकण काढून पाहिलं, तर जुळवणाऱ्याने रॅमच्या दोन्ही पट्ट्या शेजारी-शेजारी, पहिल्या आणि दुसऱ्या खाचेत घातलेल्या. तशा घातल्या की रॅम आणि प्रोसेसरमधल्या दोन वाटांपैकी (चॅनल) एकच चालते. प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत घालायच्या असतात. शिवाय बायॉसमध्ये ए-एक्सएमपी ही रॅमच्या वेगाची सेटिंग सुरू केल्याशिवाय ३२००ची रॅम ३२००ने पळत नाही, ती मूळच्या कमी वेगावरच राहते. या दोन गोष्टी आपल्या पीसीत आजच तपासा, खर्च शून्य आहे.

पुढे आणखी दोन पट्ट्या घालून ३२ जीबी केली. चार पट्ट्या ३२००ने लावल्या तर रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट प्रोग्राममध्ये चुका दिसल्या. २९३३वर आणल्या, रात्रभर टेस्ट लावली, एकही चूक नाही. हा बोर्डाचा दोष धरू नये. या प्रोसेसरला चार पट्ट्यांसाठी एएमडीनेच तेवढा वेग सांगितला आहे. स्थिरतेबद्दल माझा अनुभव एवढाच, की त्यानंतर रात्रीचं रेंडर सकाळी अर्धवट सापडलं असं एकदाही झालं नाही. मे महिन्यात सांगलीत पारा चाळीसला टेकतो, ऑफिसात एसी नाही, तरी बोर्डाचा पॉवरचा भाग सत्तर अंशांच्या आसपास राहतो. त्यावरचे जाड अल्युमिनियमचे ठोकळे शोभेचे नाहीत.

खरी परीक्षा २०२३मध्ये झाली. रायझन ७ ५७००एक्स घेतला. त्याआधी बायॉस अपडेट हवं. कंपनीच्या साइटवरून फाइल उतरवली, तिला ‘एमएसआय डॉट रॉम’ असं नाव दिलं आणि फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर टाकली. बोर्डाच्या मागे फ्लॅश बायॉसचं बटण आहे. ते प्रोसेसर नसतानाही चालतं, फक्त पॉवर सप्लाय जोडलेला लागतो. यूपीएस पूर्ण चार्ज केला आणि बटण दाबलं. लाल दिवा लुकलुकत राहिला, ती पाच-सहा मिनिटं मी खुर्चीवरून उठले नाही. दिवा थांबला आणि मग झालं. अपडेटनंतर बायॉसमधली सगळी सेटिंग पुसली जातात, म्हणून आधीच मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

प्रोसेसर काढताना मात्र जपा. एएम४मध्ये पिना प्रोसेसरला असतात, तब्बल १३३१. थर्मल पेस्ट सुकून घट्ट झाली असेल आणि कूलर सरळ वर ओढला, तर बंद लॉकमधूनही प्रोसेसर कूलरला चिकटून बाहेर येतो आणि पिना वाकतात. मी अर्धा तास रेंडर चालवून पेस्ट गरम केली, पीसी बंद केला आणि कूलर हळूहळू डावी-उजवीकडे फिरवून सोडवला. एकही पिन वाकली नाही. पूर्वी जी फ्रेम ५२ मिनिटं घ्यायची ती आता ३६ मिनिटांत होते. बोर्ड तोच, रॅम तीच, पॉवर सप्लाय तोच. वसूल म्हणतात तो असा.

उणिवा आहेत. एनव्हीएमई, म्हणजे वेगवान एसएसडीसाठी एम.२ची खाच एकच, आणि तिथे एसएसडी लावली की हार्ड डिस्क जोडायच्या सहापैकी दोन साटा पोर्ट बंद पडतात. माझ्याकडे जुन्या कामांच्या तीन हार्ड डिस्क आहेत, त्यामुळे भागलं. वायफाय नाही. ग्राफिक्स कार्ड आणि एसएसडी ज्यावर चालतात ते पीसीआयई तिसऱ्या पिढीचं आहे. मागे एचडीएमआय दिसतं म्हणून मॉनिटर तिथे जोडू नका. ३६०० किंवा ५७००एक्समध्ये ग्राफिक्स नसतं, पडदा काळाच राहील, केबल ग्राफिक्स कार्डलाच लावायची. विंडोज ११साठी लागणारा टीपीएम हा सुरक्षेचा भाग बायॉसमधून सुरू करता येतो. मी केला, अडचण आली नाही.

आज कोरा पीसी जुळवणाऱ्याने हा घेऊ नये, त्याने एएम५ हे नवं सॉकेट आणि डीडीआर५ रॅमकडे जावं. ज्याच्याकडे हा आधीच आहे त्याने मात्र तो विकायच्या आधी रायझन ५००० मालिकेतला प्रोसेसर घालून बघावा. जुन्या बाजारात घेणार असाल तर खोक्यावर नाही, बोर्डावर ‘मॅक्स’ लिहिलंय का ते वाचा. आणि मागच्या पोर्टांभोवती बसणारी पत्र्याची पट्टी आठवणीने मागून घ्या. या बोर्डाला ती वेगळी येते आणि जुन्या व्यवहारात हमखास हरवलेली असते. ती नसली की कॅबिनेटच्या मागे हातभर भोक राहतं आणि आमच्याकडे तरी पाली त्यातूनच आत जातात.